बर्फावरच्या मासेमारीचा पाच गळांचा किट सोलापुरात वापरला: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात मल्टी-हुक रिग (एका दोरीला अनेक गळ लावलेली माळ) बांधायचा एक किट ऑनलाइन मागवला होता. आता मे संपत आला तरी तो वापरात आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. नऊशे रुपयांच्या आत मिळाला. मुळात हा किट गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरणाऱ्यांसाठी बनवलेला. डब्यावर पांढरं मैदान, त्यात गोल भोक आणि शेजारी जाड जॅकेटातला माणूस. आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर गेला की या चित्राकडे बघूनही बरं वाटतं. मला त्यातून दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, फ्लुरोकार्बन नावाच्या कडक प्लॅस्टिकची बारीक तंगूस, म्हणजे गळाची दोरी. दुसरी, एका दोरीवर चार-पाच गळ गुंता न होता बांधायची रीत. या भावात या दोन्ही गोष्टी मला गावात मिळत नव्हत्या.

डब्यात ०.२० मिलिमीटरची तंगूस, १० आणि १२ नंबरचे गळ (१० नंबरचे मागाहून आले; नंबर मोठा तेवढा गळ बारीक, नवीन माणूस इथं हमखास उलटं धरतो), अंधारात चमकणारे मणी, लहान शिसं, दोर गुंडाळायच्या फोमच्या पट्ट्या आणि गाठ मारायचं एक प्लॅस्टिकचं अवजार. अवजाराचं सांगून टाकतो: दुसऱ्या दिवसापासून ड्रॉवरमध्ये पडून आहे. बोटांनी गाठ लवकर होते.

आता मुद्द्याचं. हा रिग जसा चित्रात दाखवलाय तसा बांधून उजनी धरणाच्या काठावरून फेकला तर कामाचा नाही. त्यात किटचा दोष नाही, रिग फेकायसाठी केलेलाच नाही. जपानात होक्काइडोकडं गोठलेल्या तळ्यांवर वाकासागी नावाचे बोटाएवढे मासे धरतात. बर्फाला भोक पाडायचं, वर तंबू लावायचा आणि पाच-सात बारीक गळांची माळ सरळ खाली सोडायची. मासे थव्यानं येतात, त्यामुळं एका वेळी दोन-तीन लागतात. तिथं गळाची फांदी, म्हणजे मुख्य दोरीतून बाजूला निघणारा तुकडा, दोन-तीन सेंटिमीटरचीच असते. दोर हवेतून जातच नाही. खाली शिसं, वर माणूस, दोर ताठ. अशा ठिकाणी पाच गळ शांतपणे लटकतात.

आपण काय करतो? भीमानगरच्या बाजूला काठावर उभं राहून रॉड मागं घेतो आणि तीस-चाळीस मीटर फेकतो. शिसं पुढं पळतं, गळ मागून भिरभिरत येतात, पाण्यावर आपटताना सगळे मुख्य दोरीला मिठी मारतात. ओढून बघितलं की मागाखाली साचलेल्या धाग्यासारखा गोळा हातात येतो. काठावर उन्हात बसून तो सोडवायचा म्हणजे सुट्टीचा दिवस गेलाच.

म्हणून काठावरून फेकायला मी दोनच गळ ठेवतो. तीन जमतात, पण वारा नसेल तर. उजनीवर दुपारनंतर वारा नसतो असं होत नाही. दोन गळांतलं अंतर फांदीच्या लांबीच्या दुपटीपेक्षा जास्त पाहिजे. मग एका फांदीचा गळ दुसरीपर्यंत पोचतच नाही. माझ्या फांद्या दहा सेंटिमीटरच्या, मधलं अंतर हातभर. शिसं सगळ्यात खाली, तेही मुख्य तंगुशीपेक्षा कच्च्या दोऱ्यावर. उजनीच्या पोटात जुन्या बाभळींची खोडं आहेत, पाण्याखाली गेलेल्या गावांचे दगड-धोंडे आहेत. शिसं अडकलं की तेवढाच कच्चा दोरा तुटतो आणि वरचे गळ परत येतात. उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरलं, की हे अडथळे उघडे पडतात, तेव्हा एकदा फिरून बघून ठेवा. पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर आल्याच्या बातम्या येतात ना, तेव्हाच. मृतसाठाच ६३ टीएमसीच्या आसपास आहे, त्यामुळं मायनस म्हणजे धरण कोरडं नव्हे. पाणी भरपूर असतं, फक्त काठ चिखलाचा आणि लांब होतो.

फांदी ताठ उभी राहण्यात तंगुशीचा वाटा मोठा आहे, आणि इथं किटमधली फ्लुरोकार्बन पैसे वसूल करते. साधी नायलॉनची तंगूस मऊ, ओली झाली की आणखी मऊ, त्यामुळं फांदी मुख्य दोरीला चिकटते. फ्लुरोकार्बन पाणी शोषत नाही, कडक राहते आणि बुडतेही पटकन. पाण्यात ती नायलॉनपेक्षा कमी दिसते हेही खरं, पण उजनीचं हिरवट पाणी बघितलं तर माशाला दोर दिसो न दिसो, फारसा फरक पडत नसावा. कडकपणासाठीच घ्या. उन्हानं ती नायलॉनइतकी लवकर कुजतही नाही. माझी जुनी नायलॉन दोन उन्हाळ्यांत कुस्करायला लागली होती. मुख्य रीळ मी अजून नायलॉनचीच ठेवतो, कारण ती ताणली जाते आणि मोठ्या कटला माशाचा झटका खाते. फक्त खालचा मीटर-दीड मीटरचा रिग फ्लुरोकार्बनचा.

गाठीचं आता. किटच्या कागदावर फांदीसाठी ड्रॉपर लूप दाखवलाय. दोरीच्या मधोमध हाताएवढा फास घ्यायचा, फासाचे दोन पाय एकमेकांभोवती सहा-सात वेळा पिळायचे, पिळाच्या बरोबर मध्ये बोटानं खिडकी उघडायची आणि फासाचं टोक तिच्यातून पलीकडं काढायचं. टोक दातात धरून दोन्ही बाजू हळूहळू ओढल्या की वेढे दोन्हीकडून सरकत येतात आणि फास काटकोनात उभा राहतो. ओढायच्या आधी थुंकीनं ओलं करायचं. कोरडी गाठ ओढली की घर्षणानं दोर तापतो आणि तिथंच पांढरट होतो. अशी पांढरट गाठ दिसली की कापून टाका, ती माशाच्या पहिल्याच झटक्याला जाणार. खिडकी मध्यावर नसेल, समजा एका बाजूला चार वेढे आणि दुसऱ्या बाजूला दोन आले, तर फास वाकडा उभा राहतो आणि फेकताना फिरतो. बाकी सगळं चुकलं तर चालेल, वेढे सारखे वाटा.

दिसायला ही गाठ देखणी, पण तिच्यामुळं मुख्य दोरीची ताकद बरीच कमी होते. पॅकवर तीन किलो लिहिलंय म्हणून गाठीजवळ तीन किलो समजू नका. किलोभर वजनाच्या चिलापीला (तिलापिया) प्रश्न नाही, पण त्याच पाण्यात सायप्रिनस (कार्प जातीचा मोठा मासा) आणि कटलाही आहे. म्हणून उजनीला मी ड्रॉपर लूप सोडून दिला. मुख्य दोरीला दुसरा तुकडा शेजारी धरून दोन्ही मिळून तीन वेढ्यांची गाठ मारतो. तुकड्याचं वरचं टोक कापायचं, खालचं टोक फांदी म्हणून ठेवायचं. दिसायला जाडजूड, पण टिकते. वेढे तीनच घ्या, एकाच वेढ्याची साधी गाठ दोरीची ताकद निम्म्यावर आणते.

आमच्या शेजारचे अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातले, म्हणजे विणकरांच्या वस्तीतले, सगळं आयुष्य मागावर गेलं. तुटलेला धागा ते बोटांच्या चिमटीत असा जोडतात की डोळ्याला गाठ कळत नाही. त्यांना म्हटलं, अण्णा, तुमची विणकरी गाठ ह्याला मारून द्या. मारली. तिला शिसं बांधून गॅलरीतून लोंबकळत सोडलं तर पाच मिनिटांत सुळकन सुटलं. अण्णांनी तंगूस दोन बोटांत फिरवून बघितली आणि म्हणाले, “सुताला केस असत्यात रे, एकमेकाला धरून ऱ्हात्यात. ह्याला काय हाय धरायला?” याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. गुळगुळीत तंगुशीवर गाठ टिकते ती वेढ्यांच्या दाबानं, धाग्याच्या लवेनं नव्हे. म्हणून इथं जास्त वेढे लागतात.

एवढं वाचून वाटेल की पाच गळांचा रिग इथं फुकटच. तसं नाही. तो जसाच्या तसा चालतो अशी एक जागा आपल्याकडं गावोगाव आहे: विहीर. मोहोळ तालुक्यात मामांच्या शेतात जुनी दगडी विहीर आहे, तिच्यात कधीकाळी सोडलेली चिलापी आता बेसुमार झालीय. कठड्यावरून रिग सरळ खाली सोडायचा, काही फेकायचं नाही. पाच गळ, तीन सेंटिमीटरच्या फांद्या, थेट ड्रॉपर लूपवर, अगदी डब्यावरच्या चित्राबरहुकूम. गुंता शून्य. गांडुळाचे बारीक तुकडे लावले की दोन-दोन चिलाप्या एकदम वर येतात आणि मामी खालूनच विचारतात, “किती झाले? मसाला वाटू का?”

विहिरीनं आणखी एक गोष्ट दाखवली. पाच गळ पाच वेगळ्या खोलीवर असतात, त्यामुळं मासे कुठल्या थरात फिरतायत ते लगेच कळतं. उन्हाळ्यात मला सगळ्यात खालच्या गळाला जवळपास काहीच लागलं नाही. वरचे दोन-तीनच चालले. जुन्या विहिरीच्या तळाला गाळ, कुजका पाला, तिथं प्राणवायू कमी, त्यामुळं मासे वर राहतात असा माझा अंदाज. बर्फाखाली बरोबर उलटं होतं. पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, म्हणून गोठलेल्या तळ्यात वर शून्याजवळचं थंड पाणी आणि तळाला त्यातल्या त्यात उबदार. तिकडचे लोक रिग तळाजवळ खेळवतात त्याचं एक कारण हे. किटच्या कागदावर “शिसं तळाला टेकवा” असं लिहिलंय, विहिरीत ते ऐकू नका. तळापासून दोन-तीन हात वर ठेवा.

हिप्परग्याच्या तलावाला मधला मार्ग चालतो. बांधाच्या कडेला पाणी खोल आहे तिथं लांब काठी आणि बूच लावून तीन गळ सोडतो, फेकत नाही, नुसते ठेवतो. शाळूच्या पिठात शेंगापेंड मळून त्याची गोळी. बारीक गळावर शेंगदाण्याएवढी गोळी पुरते. मोठी केली की गळाचं टोकच झाकतं आणि मासा नुसता चोखून जातो. पेंड आपल्याकडची ताजी मिळते, तेलाचा वास हाताला दोन दिवस राहतो, आणि रोहूला तो वास फार आवडतो.

आता किटमधल्या बाकीच्या वस्तू. गळ निराशाजनक. १२ नंबरचे तर चिलापीच्या ओठाला सरळ होतात, शिवाय हिवाळा संपेपर्यंत अर्ध्यांना गंज चढला. शिवाय १० नंबरचं पाकीट आत आलंच नव्हतं. विकणाऱ्याला कळवलं, तीन आठवड्यांनी आलं, तेही अर्धं. आता मी गावातल्या दुकानातून जाड तारेचे ८ नंबरचे घेतो. चमकणारे मणी मला उगाचच वाटले होते, पण संध्याकाळी गढूळ पाण्यात गळाच्या वर एक मणी घातला की चावे वाढतात असं वाटतं. ठाम सांगणार नाही. फोमच्या पट्ट्या छान, रिग आधी घरी बांधून गुंडाळून नेता येतात. फक्त स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. एप्रिलच्या एका दुपारीत माझ्या दोन पट्ट्या केळ्यासारख्या वाकल्या.

जास्त गळ म्हणजे जास्त धोका, हे काठावर कुणी सांगत नाही. एका गळाचा मासा सोडवताना दुसरा मोकळा गळ हाताच्या वर लोंबकळत असतो, आणि मासा फडफडला की तो थेट अंगठ्यात. मी आता सगळ्या गळांचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करतो. एखादा मासा सुटतो, सुटू दे. शिंगट्या माशाला तर फडक्याशिवाय हातच लावू नका, त्याच्या पंखाचा काटा गळापेक्षा वाईट. आणि तुटलेली तंगूस काठावर टाकून येऊ नका. उजनीच्या पाण्यावर भिगवणपासून खाली सगळीकडं हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात, दोन गळ असलेला तुकडा पायात अडकला तर त्यांना कोण सोडवणार? मी रिकाम्या बाटलीत भरून घरी आणतो.

परवानगीचंही बघा. तलावांवर मच्छीमार संस्थांचे ठेके असतात, हौशी माणसानं आधी विचारलेलं बरं. बहुतेक वेळा “बसा की” म्हणतात. उजनीला परवान्याची चौकशी करूनच जा. सिद्धेश्वर तलावात तर गळ टाकायचा विचारही मनात आणू नका, तो देवाचा तलाव आहे.

अख्खा किट मी परत घेणार नाही. त्याच कंपनीची नुसती तंगूस दुसऱ्या साइटवर दिसली, ५० मीटरला साडेतीनशे, परवा मागवली. या वेळी ०.२५ची घेतलीय, पावसाळ्यानंतर उजनीत पाणी चढलं की कटल्यासाठी दोन गळांचा रिग तिचाच करणार.