झिरो कॅलरीच्या नादात अमिनो पावडरचे दोन डबे संपवले, त्याचा रिव्ह्यू

डाएट सुरू केलं तेव्हा माझं गणित फार सोपं होतं, प्रोटीन खाल्लं की कॅलरी येणारच, मग ते पचून शेवटी त्याचं जे अमिनो अ‍ॅसिड होतं ते डायरेक्टच प्यायलं तर काय बिघडलं? त्यात डब्यावर झिरो कॅलरी लिहिलेलं, मग काय, हुरळलेच मी. दुपारच्या जेवणाऐवजी एक स्कूप.

पहिला डबा बीसीएएचा, म्हणजे ब्रँच्ड-चेन अमिनोंचा. त्यात फक्त 3 अमिनो, ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन, 2:1:1 असं प्रमाण. आता शरीराला बाहेरूनच घ्यावे लागतात असे अमिनो आहेत 9. ल्युसीन स्नायूंना बांधकाम सुरू करा म्हणून सांगतं हे खरंय, पण मुकादम कितीही ओरडला तरी साइटवर विटाच नसतील तर भिंत कशी उभी राहणार, उरलेले 6 मग शरीर आपल्याच स्नायूंमधून ओढतं. म्हणजे जे वाचवायला डबा आणला त्यालाच हात!

दुसरा ईएए, म्हणजे इसेन्शियल (आवश्यक) अमिनोंचा. हा बरा, सगळे 9 असतात, आणि 10 ग्रॅमच्या स्कूपमध्ये साधारण 20-25 ग्रॅम चांगल्या प्रोटीनइतके आवश्यक अमिनो येतात हेही मान्य. पण झिरो कॅलरी हा निव्वळ लेबलचा खेळ आहे हो, अमिनो अ‍ॅसिडसुद्धा ग्रॅममागे साधारण 4 कॅलरी देतंच, दिवसाला 3 स्कूप म्हणजे झाल्या की 120.

आणि भूक! डाएटमध्ये प्रोटीन कशासाठी खातात, तर स्नायू टिकावेत आणि पोट भरलेलं राहावं म्हणून. इथे चावायला काही नाही, ग्लास दोन मिनिटांत रिकामा, तासाभरात मी किचनमध्ये डबे उघडून उभी, जेवण चुकवून जेवढं वाचवलं त्याहून जास्त खाऊन मोकळी.

चवीबद्दल काय बोलायचं, मूळचा कडूपणा झाकायला इतकं स्वीटनर घातलंय की जीभ बराच वेळ गोडच राहते, शिवाय पावडर नीट विरघळत नाही, वर फेस आणि तरंगणारे कण.

जेवण पूर्ण बंद करून असल्या ड्रिंकवर राहायचा विचार असेल तर मात्र नकोच, 1970च्या दशकात अमेरिकेत कोलॅजेनपासून केलेल्या लिक्विड प्रोटीनवर कित्येक आठवडे राहिलेले काही लोक हृदयाची लय बिघडून दगावले होते. कोलॅजेनमध्ये त्या 9 पैकी ट्रिप्टोफॅन नसतंच, तरी प्रोटीन म्हणून खपवलं जातं. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच घेऊ नका.

सकाळी रिकाम्या पोटी वर्कआउट असेल तेव्हा ईएएचा एक स्कूप चालतो, अंगावर येत नाही, जड वाटत नाही. दुपारी मी परत व्यवस्थित जेवायला लागलेय. ईएएला 5 पैकी 2 स्टार. बीसीएएला 1, तोही शेकर फुकट मिळाला म्हणून.