९ एमएम कार्बाइन: पावसाळा ते उन्हाळा, वापरानंतरचा अनुभव

किनाऱ्यालगतच्या गार्ड ड्युटीवर पावसाळ्यापासून पार उन्हाळ्यापर्यंत माझ्याकडे कार्बाइन, म्हणजे आखूड स्वयंचलित बंदूक होती. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेली १ए१, म्हणजे मूळची ब्रिटिश स्टर्लिंग. जॉर्ज पॅचेट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती घडवली आणि १९५३ मध्ये ब्रिटिश लष्कराने स्टेन या जुन्या सबमशीनगनच्या जागी ती स्वीकारली.

सगळ्यात आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, कारण पॅचेट यांचं खरं डोकं तिथे दिसतं. स्टेनच्या मॅगझिनमधल्या दोन रांगा तोंडाशी येऊन एक होत आणि नेमक्या तिथेच गोळ्या अडकत. इथे तोंडापर्यंत दोन्ही रांगा कायम राहतात, आणि राउंड (काडतुसं) वर सरकवायला खाली दोन छोटे रूळ आहेत. ९ एमएमची पुंगळी किंचित निमुळती, म्हणून मॅगझिनला बाक. ३४ राउंड नुसत्या अंगठ्याने भरून होतात, वेगळं अवजार लागत नाही. रेंजवर माझ्या हातात ही कधी अडली नाही.

दुसरी गोष्ट बोल्ट, म्हणजे आत पुढे-मागे धावून गोळी उडवणारा जड भाग. त्यावर तिरप्या खाचा आहेत. आत शिरलेली वाळू आणि काजळी या खाचा गोळा करतात आणि बाजूला सारतात. साफसफाईला बोल्ट बाहेर काढला की सगळा काळा चिकटा खाचांत बसलेला दिसायचा, उरलेला बोल्ट मात्र बऱ्यापैकी स्वच्छ. वाळूच्या भागात ड्युटी केलेल्याला याची किंमत कळेल. खाऱ्या हवेने बाहेरून गंज धरतोच, त्याला रोज तेलाचा हात हाच उपाय.

वजन रिकामी असताना २.७ किलो. एसएलआर ही जड रायफल वाहून आलेल्या माणसाला हे सुखच. बट (मागचा दस्ता) खाली दुमडला की लांबी जेमतेम ४८ सेंटीमीटर, जीपमध्ये मांडीवर मावते. डावीकडे आडवं निघालेलं मॅगझिन मात्र चढता-उतरता बरगडीत टोचतं, दाराला अडकतं.

नेमबाजीत मर्यादा आहेत. बोल्ट मागे थांबलेला असतो. ट्रिगर दाबला की तो जड लोखंडाचा गोळा पुढे धावतो, मग बार होतो. तेवढ्यात नेम हलतो. पन्नास मीटरपर्यंत माझा भरवसा होता, शंभरावर नाही. बोल्ट मागे ओढलेला असेल तर सेफ्टीकडे सतत लक्ष हवं.

नव्या पोरांना एवढंच सांगेन: डावा हात मॅगझिनला लावू नका, नळीभोवतीच्या भोकं असलेल्या जाळीवर ठेवा. मॅगझिन धरून फायर केलं की ते हलतं आणि चांगल्या कार्बाइनलाही अडायला कारण मिळतं.