मानेचे जुने दुखणे, हाताचे उपचार आणि व्यायाम : कोथरूडमधील एका फिजिओथेरपी केंद्राचा अनुभव

मानदुखी तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकली की डॉक्टर तिला जुनाट म्हणतात. माझी त्याहून कितीतरी जुनी होती. मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्याची मान दिवसातले बरेच तास खाली झुकलेली असते, आणि संध्याकाळी डाव्या खांद्यापासून कानामागपर्यंत जी ओढ लागते ती रात्री कूस बदलतानाही जाणवते. गोळ्या, मलम, मानेचा पट्टा हे सारे करून झाल्यावर अस्थिरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवरून मी कोथरूडमधील एका फिजिओथेरपी केंद्रात गेले. केंद्राचे नाव येथे देत नाही, परंतु त्यांची पद्धत सविस्तर लिहिते, कारण ती ओळखता आली तर असे केंद्र वाचकांना आपापल्या गावातही शोधता येईल.

पहिली भेट पाऊण तासाची होती आणि त्या वेळात एकही मशीन लावले गेले नाही. हे मुद्दाम सांगते, कारण याआधी दुसऱ्या एका ठिकाणी मी बरेच दिवस केवळ शेक, अल्ट्रासाऊंड आणि करंट घेत होते, आणि तेथे मान किती वळते हे कोणी एकदाही मोजले नव्हते. येथील थेरपिस्टबाईंनी दुखणे केव्हा वाढते, केव्हा उतरते, झोप कशी लागते, कामाचे टेबल किती उंच आहे असे सगळे विचारून घेतले. मग हाताची पकड पाहिली, बोटांवर कापूस फिरवून संवेदना तपासली, कोपरावर हातोडी मारून पाहिली आणि सरळ रेषेत चालायला लावले. मज्जारज्जूवर किंवा नसेवर दाब आहे का, हे ठरल्याशिवाय मानेला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम आहे.

माझ्या एमआरआयच्या अहवालात डिस्क, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, फुगल्याचा उल्लेख होता आणि त्या दोन शब्दांनी मी बरीच घाबरलेली होते. त्यावर मला जे समजावून सांगितले गेले ते प्रत्येक मानदुखीच्या रुग्णाला कळायला हवे. जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढण्यात आले होते, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांपैकी ८७.६ टक्के लोकांच्या डिस्क फुगलेल्या आढळल्या. म्हणजे चित्रात दिसणारा बदल आणि होणारी वेदना यांचे नाते वाटते तेवढे सरळ नाही. हे ऐकल्यानंतर मान वळवताना वाटणारी धास्ती निम्म्याने कमी झाली, आणि धास्ती कमी झाल्याशिवाय पुढचे व्यायाम मला नीट जमले असते असे वाटत नाही.

हाताने होणाऱ्या उपचारांविषयी लोकांत दोन टोकांचे समज आहेत. एक म्हणजे ते मालिशच असते, आणि दुसरा म्हणजे सरकलेला मणका त्यात कडकन जागेवर बसवला जातो. प्रत्यक्षात मला पालथे झोपवून थेरपिस्टबाई दोन्ही अंगठे एका मणक्याच्या कडेवर टेकवत आणि लयीत, अगदी थोडे थोडे दाबत. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी या दाबाच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. पहिल्या पायऱ्या दुखणे शमवण्यासाठी, पुढच्या ताठरपणा सोडवण्यासाठी. पाचवी पायरी झटक्याची. तिच्याविषयी त्यांनी आधी धोका समजावला, संमती विचारली, आणि मी नको म्हटल्यावर पुन्हा विषय काढला नाही. मानेच्या झटक्याने मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीला इजा होण्याचा धोका दुर्मीळ असला तरी खरा आहे. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान मोडून घेण्याची जी सवय आपल्याकडे अनेकांना आहे ती सोडून द्यावी, असे तेथे प्रत्येकाला बजावून सांगतात, आणि मीही तेच सांगेन.

या दाबाचा परिणाम लगेच जाणवतो. उठून बसल्यावर मान डावीकडे पूर्वीपेक्षा स्पष्टपणे अधिक वळली. परंतु त्याच वेळी त्यांनी हेही सांगितले की यात कोणतेही हाड जागेवर बसलेले नाही, वेदनेची यंत्रणा थोडा काळ शांत झाली आहे, आणि हा मोकळेपणा टिकवायचा असेल तर त्या काळात व्यायाम व्हायला हवा. उपचार विकणाऱ्याने आपल्याच उपचाराची मर्यादा पहिल्या दिवशी सांगावी, याचे मला फार मोल वाटते.

व्यायामाचा भाग हे या केंद्राचे खरे बलस्थान आहे. मानेच्या पुढच्या बाजूला, अगदी आत, मणक्यांना लागून असलेले स्नायू जुन्या मानदुखीत आळसावतात आणि त्यांचे काम गळ्याच्या दोन्ही बाजूंचे मोठे स्नायू ओढून नेतात. ऑस्ट्रेलियातील ग्वेन जल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे स्नायू तपासण्याची एक पद्धत घालून दिली आहे, तीच येथे वापरतात. उताणे झोपून मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवतात, तिच्यात पाऱ्याच्या २० मिलिमीटरइतका दाब भरतात, आणि होकारार्थी मान डोलावतो तशी हनुवटी हळूच आत घेऊन पिशवीला जोडलेल्या दाबमापकाचा काटा २२ वर न्यायचा, दहा सेकंद तेथेच धरायचा, मग २४, असे करत ३० पर्यंत जायचे. ऐकायला सोपे वाटते. माझा काटा २४ वर थरथरू लागला आणि गळ्याच्या शिरा तटतटल्या, तेव्हा बाईंनी तेथे दोन बोटे टेकवली आणि म्हणाल्या, “ताई, इथे कडक लागलं की थांबायचं. जोर लावायचा नाही, नुसतं हो म्हणायचं.” त्या दोन बोटांशिवाय हा व्यायाम शिकता येत नाही, व्हिडिओ पाहून तो मी याआधी चुकीच्या स्नायूंनीच करत होते.

पुढे रबरी पट्टा डोक्याभोवती लावून प्रतिकाराचे व्यायाम, खांद्यांची पाती मागे-खाली ओढण्याचे व्यायाम आणि हलके डंबेल्स आले. घरी करायचा एक प्रकार मला विशेष आवडला. पंचाची कड मानेच्या ताठरलेल्या मणक्यामागे अडकवायची, तिची टोके दोन हातांनी पुढे, डोळ्यांच्या दिशेने ओढायची आणि तसेच मान वळवायची. न्यूझीलंडचे ब्रायन मुलिगन यांच्या पद्धतीचा हा घरगुती अवतार. बरोबर जागी पंचा बसला तर दुखत नाही, चुकला तर लगेच कळते.

या क्रमामागे आधार आहे. फिनलंडमध्ये जुनी मानदुखी असलेल्या १८० कार्यालयीन कर्मचारी स्त्रियांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभर मानेच्या ताकदीचे आणि दमाचे व्यायाम करणाऱ्या स्त्रियांना केवळ ताणाचे आणि सर्वसाधारण व्यायाम सांगितलेल्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक आराम पडला. अमेरिकेतील १९१ रुग्णांच्या चाचणीतही केवळ हाताच्या उपचारांपेक्षा त्यांना व्यायामाची जोड दिलेल्यांचा आराम दोन वर्षांनंतरही अधिक होता. माझे स्वतःचे सांगायचे तर दुखणे शून्यावर आलेले नाही. अंकाच्या शेवटच्या फॉर्मांचे (छपाईच्या पानांच्या गठ्ठ्यांचे) वाचन असते त्या आठवड्यात मान अजूनही जड होते. मात्र गोळी लागत नाही, स्कूटर चालवताना मागे वळून पाहता येते, आणि दुखले तर काय करायचे हे माहीत असते. मशीन आणि पट्टा यांनी हे शेवटचे कधी दिले नव्हते. ताकद वाढलेली दिसताच केंद्राने आपण होऊन भेटी कमी केल्या, हेही नमूद करायला हवे.

उणिवा आहेत. एका भेटीचे ८०० रुपये अनेकांना परवडणारे नाहीत. संध्याकाळी पडद्यांनी वेगळ्या केलेल्या खाटांवर शेजारच्या रुग्णाची सगळी कहाणी ऐकू येते, त्यामुळे खासगी बोलायचे असेल त्यांनी सकाळची वेळ घ्यावी. ज्यांच्या हातातून वस्तू निसटतात, चालताना तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटतो, किंवा मानदुखीबरोबर ताप अथवा कारण नसताना वजन घटणे आहे, त्यांनी मात्र येथे किंवा कोणत्याही फिजिओथेरपी केंद्रात जाण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे घरच्या व्यायामांच्या सूचना फक्त मोबाइल अ‍ॅपवर आणि तीही इंग्रजीतच मिळतात. माझ्या शेजारच्या खाटेवरील सत्तरीच्या आजी त्या नातवाकडून वाचून घेत. मोठ्या अक्षरांतले मराठी पत्रक छापावे असे मी व्यवस्थापनाला लेखी कळवले आहे, आणि त्यांनी मजकूर पाठवल्यास तो विनामूल्य तपासून देईन असेही त्यात लिहिले आहे.