मिरजेत जुनी पेटी (हार्मोनियम) दुरुस्त करून घेतली, त्याचा अनुभव

आधी तक्रारी सांगते, म्हणजे पुढचं कौतुक ओळखीपाळखीतलं वाटणार नाही.

आठ दिवसांत देतो म्हणाले आणि पेटी हातात आली 27 व्या दिवशी. फोन उचलत नाहीत. बिल नाही, मागितलं तर कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या पाठीवर आकडे लिहून देतात. दुकान सतारमेकर गल्लीत, दर्ग्यापासून चालत पाच मिनिटांवर. तिथवर रिक्षा जात नाही, त्यामुळे शेवटचे शंभरेक पावलं पेटी पोटाशी धरून चालायचं. आत बसायला एकच स्टूल, आणि त्या स्टुलावर मी गेले तेव्हा एक भलामोठा वाळका भोपळा, तंबोऱ्याला लावतात तसला, बसलेला. गिऱ्हाईक उभं, भोपळा बसलेला. हे मला पहिल्या दिवशी अजिबात आवडलं नव्हतं.

तरी पुन्हा काही बिघडलं तर मी तिथंच जाणार.

पेटी माझ्या वडिलांची. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते. साधी पेटी आहे, 39 पट्ट्यांची, खर्ज-नर, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर. कपलर, स्केलचेंजर असली जादा सोय नाही. पण सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, जुने, जर्मन. आम्ही भावंडं त्या पेटीवर ‘उपासना संगीत’ या ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातली गीतं शिकलो. त्यात ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पुष्कळ आहेत, अभंग, पदं, आणि ती गायची म्हणजे हातात झांज आणि समोर पेटी हवीच. इंग्रजी चालीच्या गीतांना वडील ‘टाय लावलेली’ म्हणत. वाजवायचे तीही, पण भाता जरा नाराजीनेच मारायचे.

2019 च्या ऑगस्टमध्ये आम्ही सांगलीत होतो, नदीच्या अंगाला. धोक्याची पातळी 45 फूट, आणि आयर्विन पुलापाशी पाणी 57 च्या वर गेलं. पेटी कपाटाच्या डोक्यावर ठेवली, वर गादी टाकली आणि आम्ही बोटीतून बाहेर पडलो. परत आलो तर पेटी जागच्या जागी, पण पाणी तिच्या तळाला चाटून गेलेलं. फळी फुगली होती. अंगणात गुडघाभर गाळ. त्या गाळात पुढं महिन्याभरात एक वेल उगवला, कुणी लावला नव्हता, पुराबरोबर कुठून बी आलं कोण जाणे. घरात अजून भिंतींना ओल होती, भांडीही धड नव्हती, आणि मी मात्र रोज सकाळी चहाचा कप घेऊन तो वेल किती पुढं सरकला ते बघत उभी राहायचे. बोटभर, कधी वीतभर. मग त्याला फळं आली. भोपळाच, पण कडूजहर. उपटून टाकला. ही गोष्ट पुढं येणार आहे.

त्यानंतर आम्ही मिरजेत राहायला आलो. पेटी वाजत होती, पण दमेकऱ्यासारखी. तीन ओळी गायल्या की धाप. गेल्या पावसाळ्यात काही पट्ट्या दाबल्या की वर येईनात, आणि खालून खसफस ऐकू यायला लागली. एका मोठ्या शोरूममध्ये नेली. तिथल्या मुलाने झाकणसुद्धा उघडलं नाही. मोबाईलवर नव्या पेट्यांचे फोटो दाखवले, 22 हजारांपासून पुढं, आणि जुनी एक्स्चेंजमध्ये दीड हजाराला घेतो म्हणाला. वडिलांची पेटी दीड हजाराला. मी त्याला ‘सलाम’ म्हटलं आणि निघाले. आम्हा ख्रिस्ती लोकांत निरोप घेताना सलामच म्हणतात, त्याला ते टोमण्यासारखं लागलं असेल तर बरंच झालं.

मग हे दुकान. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे गल्लीत जरा उत्साह आहे. पण पेटीचं काम करणारा माणूस या गल्लीत अजून थोडा परकाच. दुकानदार चाचा स्वतःच हसत सांगतात, “तंबोरेवाले म्हणत्यात, तुमची साहेबाची पेटी.” खरंच आहे ते. ती परदेशातून आली, आणि आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला दारातच उभं केलं नव्हतं. श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, दाखवता येत नाहीत, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, हा दोष. तेवढ्या वर्षांत चर्चमध्ये, भजनात, तमाशात, कीर्तनात ती बिनतक्रार वाजत राहिली.

चाचांनी पेटी आधी वाजवलीच नाही. सगळ्या खुंट्या बंद केल्या, भाता भरला आणि कान लावून बसले. वारा कुठून जातो ते ऐकत होते. मी चाळीस वर्षं नर्सिंग केलंय. समोरचा माणूस ऐकतोय की ऐकल्यासारखं करतोय, एवढं मला कळतं. हे ऐकत होते. मग बोट ठेवलं, “इथं, इथं, आणि इथं. आणि खाली कुणीतरी राहून गेलंय.”

तळाची फळी काढली तर उंदराचं बाळंतघर. हिरव्या बनातीचे धागे, गादीतला कापूस आणि कागदाचे बारीक कपटे, अगदी वाटीसारखे गोल रचलेले. पिल्लं केव्हाच मोठी होऊन गेली होती. कपटे मी चष्मा लावून बघितले. माझ्या गीतांच्या पुस्तकाची मागची पानं गेली दोन वर्षं सापडत नव्हती, ती इथं होती. चाचांनी विचारलं, टाकू का? मी म्हटलं, थांबा, फोटो काढते.

आता कामाबद्दल. भात्याचं कातडं सगळं नवं. फुगलेली फळी बदलली. बनात नवी घातली, तिचा हिरवा जुन्या हिरव्याशी जुळत नाही. हे मला खटकतं, पण आत असल्यामुळे दिसत नाही. सूर मात्र त्यांनी बदलले नाहीत. 78 पैकी फक्त तीन बदलले, ते पालिताण्याचे, आणि काढलेले तीन जुने कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. हे कुणी देत नाही. जुने जर्मन सूर बाहेर विकले जातात, त्यांना भाव आहे.

एक सूर लावताना मी शेजारी उभी होते. पितळेची पट्टी, तिच्यावर ती बारीक जीभ. सूर उतरला असेल तर जिभेचं टोक खरवडायचं, चढला असेल तर बुडाशी. जिभेखाली ब्लेडचं पातं सरकवलं आणि टोकावरून कानस एकदाच ओढली. पुसलं, बसवलं, वाजवलं, काढलं. परत एकदाच. मला वाटलं झालं, पण त्यांनी मान हलवली. अकरा वेळा काढला आणि बसवला. मी म्हटलं, एकदम जरा जास्त घासत का नाही? म्हणाले, “बाई, घासलेलं पितळ परत चिकटत नाय.” आणि त्या पितळेची इतकी बारीक पूड पडली होती की बोटाने टिपल्यावर फक्त चमक दिसत होती.

उशीर का झाला तेही तिथंच कळलं. पावसाळी हवेत सरस लवकर वाळत नाही. तेव्हा तुमचं काम असेल तर पावसाळ्यात देऊ नका, हिवाळ्यात द्या. आणि आठ दिवस म्हणाले की महिना समजा.

दुसऱ्या खेपेला मी एकटी नव्हते. आमच्या घरी दर शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना असते, दहा-बारा माणसं. त्यातली झांजवाली ताई बरोबर आली. तिची ओळख मला ड्युटीवर झाली. जन्माने मुलगा, लहानपणीच सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेली, पुढं लुगडं नेसून जोग मागत गावोगाव फिरलेली. मनगट मोडलं म्हणून दाखल झाली होती. पुरुषांच्या वॉर्डात ठेवायची की बायकांच्या, याचा निकाल लागेपर्यंत तिची खाट व्हरांड्यात टाकली. निकाल काही लागला नाही. घरी सोडेपर्यंत खाट व्हरांड्यातच होती. रात्रपाळीला मी हळू आवाजात गीत म्हणायची सवय, एका रात्री खाटेवरून तिने दुसरी ओळ उचलली, न ऐकलेली, नुसत्या अंदाजाने. तेव्हापासून शुक्रवारी येते. बाप्तिस्मा घेतलेला नाही. मी विचारलेलंही नाही.

तिने बरोबर तिचं चौंडकं, जोगत्यांचं तारेचं वाद्य, आणलं होतं. वीस वर्षं वाजवलेलं, कातडं ढिलं झालेलं. ते प्रार्थनेत वाजवायचं का, यावरून आमच्या मंडळीतले (चर्चमधले) एक वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, माझ्यावर नाराज होते. देवीचं वाद्य, आणि वाजवणारी अशी. मी त्यांना टिळकांचं सांगितलं. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसायचे. आपण त्यांची गीतं दर रविवारी गातो, मग त्यांच्या दरबारातली सतरंजी तेवढी का गुंडाळायची? वडील म्हणाले, टिळक मोठे होते. वादात हे वाक्य आलं की पुढं बोलता येत नाही.

चाचांनी चौंडकं हातात घेतलं, उलटं करून बघितलं, तार बोटाने टिचवली आणि एकच प्रश्न विचारला, “कुठली पट्टी?”

मी म्हटलं, काळी चार, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून. आम्ही कायम काळी चारमध्ये गातो, आईच्या वेळेपासून. ते म्हणाले, म्हणून दाखवा. मी सूर धरला, ताईने म्हटलं. पहिली ओळ ठीक, अंतऱ्याला तिचा आवाज वर जाईना, तिने नेहमीसारखी मान खाली घालून ती ओळ पुटपुटत काढली. मला वाटायचं ती लाजते. चाचांनी मलाही म्हणायला लावलं. मीही अंतऱ्याला खोकल्यासारखं करून निसटले. 63 वर्षांचा गळा आहे. त्यांनी दोघींकडे बघितलं आणि पेटीवर हात तीन घरं खाली आणून पांढरी चार धरली.

तिथं ताईचा आवाज मी पहिल्यांदा पूर्ण ऐकला. भरदार, तळातून येणारा, तरी वरच्या ओळीला न फाटणारा. समोरच्या दुकानातला तंबोरा लावणारा मुलगा हातातली तार सोडून दारात आला. चौंडक्याची तार चाचांनी त्याच पांढरी चारला लावून दिली. कातडं आणि तार मिळून 150 रुपये घेतले.

त्या दिवशी मी स्टुलाबद्दल तोंड उघडलं. म्हटलं, फळ्या रिकाम्या आहेत, हा भोपळा तिथं का नाही ठेवत? त्यांनी वर बोट केलं. वरच्या फळीवर एकच भोपळा, देठाशी भोक पडलेला, आणि त्या भोकातून चिमणी आत-बाहेर करत होती. अंडी होती म्हणे. बाकीचे भोपळे तिला धक्का नको म्हणून खाली उतरवलेले, त्यातला एक स्टुलावर. तो भोकवाला किती किमतीचा? हजार-बाराशे सहज, म्हणाले, पण आता चार महिने बंद. शास्त्रात, म्हणजे बायबलात, दमडीला दोन चिमण्या विकतात. इथं एकीने हजाराचा माल अडवून ठेवला होता आणि दुकानदार उभ्या गिऱ्हाइकाची बोलणी खात होता.

हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. मी सहज म्हटलं, भाजीला चालत असतील लहानपणी. चाचा म्हणाले, “छे, कडू असतंय. कडू असतंय म्हणून जनावर तोंड लावत नाय, म्हणून तर वेलावर वाळेपर्यंत टिकतंय.” मी गप्प बसले. सांगलीच्या अंगणातला वेल मी स्वतःच्या हाताने उपटला होता, सात-आठ फळांसकट.

एकूण खर्च 5,200. त्यात भात्याचं कातडं, फळी, तीन सूर, सगळं ट्यूनिंग. घासाघीस मी केली नाही, तुम्ही करून बघा, दोन-तीनशे कमी होतील.

पेटी घरी आली त्याच शुक्रवारी पांढरी चारला लावून बसलो. आमच्यातल्या निम्म्या बायका साठीच्या पुढच्या. काळी चार त्यांनाही कित्येक वर्षं झेपत नव्हती, सांगत कुणी नव्हतं. ते वडीलही आले होते, दाराजवळ बसले. त्यांचं मत बदललेलं नाही, तसं त्यांनी चहा पिताना मला सांगितलं. पण अंतऱ्याला ते आजवर नुसते ओठ हलवायचे, परवा त्यांचा आवाज माझ्या कानावर आला, हेही खरं.

दोष एक राहिला आहे. काळी दोनची पट्टी पाऊस लागला की अजून अडकते, नखाने वर काढावी लागते. चाचांना सांगायला गेले होते. म्हणाले, दिवाळीनंतर आणा, हवा कोरडी होईल, आणि तोवर वरची फळीही रिकामी झाली असेल, बसायला स्टूल मिळेल.