पिकलबॉल: नुसते गेम सोडून ड्रिल सुरू केले, पावसाळा ते हिवाळा अनुभव

ड्रिलने, म्हणजे एकच शॉट परत परत मारायच्या सरावाने, खरंच फायदा होतो का असं कोर्टवर बरेच जण विचारतात म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो. मी नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला पिकलबॉल (पॅडलने भोकांचा प्लास्टिक बॉल मारायचा, टेनिससारखा खेळ) खेळतो, वय पंचेचाळीसच्या पुढे. पावसाळा लागल्यापासून मी आणि ऑफिसातला एक पोरगा, आम्ही बुक केलेल्या तासातला निम्मा वेळ ड्रिललाच देतो, गेम नंतर.

फायदा झाला, शंभर टक्के झाला, पण ड्राइव्ह, म्हणजे जोरात मारलेला सपाट शॉट, होता तसाच आहे. सुधारला तो तिसरा शॉट. नवीन लोकांसाठी सांगतो, सर्व्हिस आणि रिटर्न दोन्ही टप्पा पडू देऊनच खेळावे लागतात, त्यामुळे रिटर्नवाली जोडी आरामात किचनलाइनवर (किचन म्हणजे नेटजवळचा पट्टा, त्यात उभं राहून व्हॉली, म्हणजे टप्प्याआधी बॉल मारणं, चालत नाही) येऊन उभी राहते आणि आपण सर्व्हिसवाले मागे बेसलाइनला अडकतो, मग तिथून बॉल हळू उचलून त्यांच्या किचनमध्ये टाकला तरच पुढे सरकायला वेळ मिळतो. गेममध्ये यातले निम्मे बॉल पार्टनरच घेतो आणि आपला एक नेटमध्ये गेला की पॉइंट संपला, चुकलं काय ते कळायच्या आत पुढची सर्व्हिस. ड्रिलमध्ये तोच बॉल परत परत येतो. तेव्हा लक्षात आलं की माझं मनगट शेवटच्या क्षणी झटका मारतंय. पॅडल सैल धरून खांद्यापासून हात नेला की बॉल आपोआप मऊ पडतो. आणि शक्यतो तिरका टाका, नेट कडेला ३६ इंच पण मधे ३४ इंचच असतं, शिवाय तिरक्यात अंतरही जास्त मिळतं.

कोरडं ड्रिल कंटाळवाणं होतं हे खरंय, बाजूच्या कोर्टवरून "भाऊ, गेम लावा की राव, काय टुकटुक लावलीय" असं रोज ऐकावं लागतं 😄 त्यावर उपाय म्हणजे सात-अकरा. एक जण किचनलाइनवर, एक बेसलाइनवर, मागचा ७ ला जिंकतो, पुढचा ११ ला, मग जागा बदलायच्या. मागून खेळणं किती अवघड आहे ते या आकड्यांतच आलं. दोघंच असाल तर अर्ध्या कोर्टवर सिंगल्स खेळा, दमही निघतो आणि बॉल जागेवर टाकायची सवयही लागते.

पावसाळ्यात आम्ही बॅडमिंटन हॉलमध्ये गेलो होतो. कोर्ट तेवढंच, २० बाय ४४ फूट, पण बॅडमिंटनची पुढची रेष नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि आपलं किचन ७ फुटांचं, म्हणून टेप लावूनच खेळा, नाहीतर बाहेर आलात की पाय किचनमध्ये आणि व्हॉली फॉल्ट. हॉलसाठी २६ भोकांचा मऊ बॉल बरा, बाहेर ४० भोकांचा.

थंडीचं वेगळंच. नाशिकची डिसेंबर-जानेवारीची सकाळ म्हणजे बाहेरचा बॉल दगडासारखा, टप्पा कमी आणि तडा लवकर जातो. बॉलचा डबा संपवत बसण्यापेक्षा आम्ही ऊन वर आल्यावर ड्रिल करायला लागलो.

तक्रारी म्हणाल तर दोन. एक, जोडीदार. गेमला आठ जण मिळतात, ड्रिलला एक मिळायची मारामार, आणि मिळाला तरी तुमच्यासाठी अर्धा तास नीट बॉल भरवणारा हवा, नाहीतर तो दुसऱ्याच बॉलला स्मॅश मारतो. दोन, कोपर. एकच शॉट सारखा मारून उजवं कोपर दुखायला लागलं होतं, आता ग्रिपवर अजून एक ओव्हरग्रिप चढवलीय आणि ड्राइव्हचं ड्रिल कमी केलंय, बरंय. महागडं पॅडल घ्यायची घाई करू नका, माझं १६ मिमी जाडीचं साधंच आहे, सॉफ्ट गेमला जाड कोअर (पॅडलच्या आतला थर) उलट सोपा जातो, ते पैसे कोर्टच्या भाड्यात घाला.

जोडीदार नसेल त्या दिवशी मी पार्किंगच्या भिंतीवर नेटच्या उंचीला खडूची रेघ मारून जवळून डिंक, म्हणजे हळू टाकायचे छोटे शॉट, करतो. सोसायटीतले काका आवाजावरून ओरडतात, म्हणून सकाळी ८ नंतरच.