सेंट अँड्र्यूज की प्रेस्टविक?
भाच्याचा एडिनबराहून फोन आला, "मामा, गोल्फला एकच दिवस मिळतोय. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स खेळू की प्रेस्टविक?" दोन्ही स्कॉटलंडमधली जुनी, नावाजलेली गोल्फ मैदानं.

इतिहासात कुणीच कमी नाही. सेंट अँड्र्यूजने 1764 मध्ये 22 होलचे (चेंडू एका खळग्यात घालेपर्यंतचा एकेक टप्पा म्हणजे होल) 18 केले आणि पुढे जगानं तोच आकडा धरला. प्रेस्टविकला 1860 मध्ये पहिली ओपन, म्हणजे ब्रिटनची मानाची गोल्फ स्पर्धा, झाली, अवघ्या आठ खेळाडूंची. 1925 नंतर मात्र तिथे ती झालीच नाही.

खरा फरक आखणीत आहे. ओल्ड कोर्स कुणी एकानं आखलेला नाही, तो वापरातून घडत गेला. सात ग्रीन (खळग्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ) जोडीची, म्हणजे दोन होलना मिळून एक, आणि जोडीतल्या होलची बेरीज नेहमी 18: दुसरं-सोळावं, पाचवं-तेरावं. ग्रीन एवढी मोठी की पटिंग करतानाच, म्हणजे चेंडू हळूच खळग्याकडे ढकलतानाच, घाम फुटतो. प्रेस्टविक त्या काळचा नामांकित गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिसनं 1851 मध्ये 12 होलचं आखलं, पुढे ते 18 चं झालं. तिथल्या 'आल्प्स' नावाच्या सतराव्या होलवर आडवी टेकडी आहे, ग्रीन दिसतच नाही. चेंडू अंदाजानं टेकडीपलीकडे मारायचा, पुढे 'सहारा' नावाचा बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, वाट बघतोय! खेळून झालं की घंटा वाजवायची, म्हणजे मागचे मारायला मोकळे. मला हे फार आवडतं.

खिशाला दोन्ही जडच. शिवाय ओल्ड कोर्सवर आधी बुकिंग नसेल तर बहुतेकांना सोडतीत नाव निघण्याची वाट बघावी लागते, आणि हँडिकॅपचा, म्हणजे खेळातल्या पातळीच्या अधिकृत आकड्याचा, पुरावा लागतो.

ओल्ड कोर्सवरच्या जुन्या दगडी स्विल्कन पुलावरचा फोटो हवाच असेल आणि हाताशी दोन-तीन दिवस असतील तर सेंट अँड्र्यूज. भाच्याकडे एकच दिवस आहे, त्यानं प्रेस्टविक गाठावं. रविवार मोकळा असेल तर ओल्ड कोर्सवर नुसतं फिरून यावं. त्या दिवशी एरवी खेळ बंद असतो, गावकरी कुत्री फिरवतात.