सगळ्या बँडवर 'एकास एक': ६,८०० रुपयांचा काळा डबा

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या अँटेना म्हणून एक काळा डबा विकला जातोय. पंजात मावेल एवढा, एका टोकाला केबल जोडायचं बीएनसी सॉकेट, दुसऱ्या टोकाला सव्वा मीटरची घडीची स्टीलची काठी. जाहिरात अशी: '३.५ ते ३० मेगाहर्ट्झ, सर्व बँड, ट्यूनर नको, एसडब्ल्यूआर १.२ च्या आत, गॅरंटीड. खास क्यूआरपी ट्रेकर्ससाठी.' ट्यूनर म्हणजे अँटेना संचाशी जुळवून देणारं यंत्र; एसडब्ल्यूआर म्हणजे पाठवलेली शक्ती अँटेनाकडून किती परत फिरते त्याचं माप, 'एकास एक' म्हणजे काहीच परत नाही. किंमत ६,८०० रुपये, कुरिअर वेगळं, पैसे आधी. मी तो घेतला. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही. एक तर तक्रार चालू आहे, आणि दुसरं म्हणजे तोच डबा निरनिराळ्या नावांनी फिरतोय. नाव कळून फायदा नाही, डबा ओळखता आला पाहिजे.

पाच वॅट किंवा त्याहून कमी शक्तीवर काम करणाऱ्याला, म्हणजे क्यूआरपीवाल्याला, हा डबा का हवासा वाटतो, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स आणि पुढे मायक्रोबिटएक्स आणल्यापासून आपल्याकडे परवडणारा एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झचा) रिग, म्हणजे बोलायचा-ऐकायचा रेडिओ संच, हातात आला. रिग पाठपिशवीत बसतो, लिथियमची बॅटरी बसते. अडतं ते अँटेनापाशी. चाळीस मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल म्हणजे मधोमध केबल जोडलेली सुमारे वीस मीटर तार. राजमाचीच्या पठारावर वारा सुटलेला असताना ती तार झाडावर चढवणं, दोऱ्यांचा गुंता सोडवणं, पुन्हा खाली उतरवणं, यात अर्धी सकाळ जाते. त्यात कुणी म्हणालं की काठी उघडा, डबा जोडा आणि बोला, तर ते कुणाला नको असेल?

फोनवर तो माणूस फार गोड बोलला. "सर, वायर टांगायचे दिवस गेले." डब्यात काय आहे विचारलं तर म्हणाला, "ब्रॉडबँड मॅचिंग नेटवर्क आहे सर. पेटंटचं काम चालू आहे, म्हणून इपॉक्सी भरलंय. उघडायला जाऊ नका, वॉरंटी जाईल." शिवाय एक सूचना दिली, रिगपासून डब्यापर्यंतची कोॲक्स केबल किमान दहा मीटर ठेवा आणि जमेल तेवढी उंच टांगा. या सूचनेत त्याच्या सगळ्या धंद्याचं गुपित होतं. तिच्याकडे पुढे येतो.

डबा आला, जोडला, आणि ऐकायला अगदी छान वाटला. सकाळच्या 'नेट'वरचे, म्हणजे ठरल्या वेळी हवेत जमणाऱ्या हॅम मंडळींचे, आवाज आले, ७.२ मेगाहर्ट्झच्या वरची चिनी प्रसारण केंद्रं धडाधड आली. नवा माणूस इथेच समाधानी होतो. पण एचएफच्या खालच्या बँडांवर वातावरणातला आणि माणसाने केलेला कोलाहल इतका असतो की ऐकण्यासाठी अँटेना रद्दी असली तरी भागतं. सिग्नल आणि कोलाहल दोन्ही सारखेच खाली येतात, त्यांचं आपसातलं अंतर जवळपास तेच राहतं. तेव्हा नुसतं 'ऐकू येतंय' यावरून अँटेनाची परीक्षा होत नाही. परीक्षा प्रक्षेपणाची.

आणि प्रक्षेपणात सगळी शांतता. कॉल देत राहावं आणि कुणी उत्तर देऊ नये. विकणाऱ्याची उत्तरं मात्र तयार होती. आधी प्रोपगेशन (लहरींचा प्रवास) वाईट, मग सूर्यावरची वादळं, आणि शेवटी रामबाण: "सर, पाच वॅटला याहून काय अपेक्षा ठेवणार?" हे शेवटचं उत्तर क्यूआरपीवाल्याला गप्प बसवतं, कारण आपल्या मनात तो न्यूनगंड आधीच असतो. हिशेब केला तर उत्तर टिकत नाही. १०० वॅट आणि ५ वॅट यांत १३ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरवर दोन घरांहून थोडा जास्त. नेटवर जो स्टेशनवाला इतरांना नऊचा रिपोर्ट देतोय, त्याने आपल्याला सहा-सात तरी द्यायला हवा. अजिबात ऐकू न येणं हा पाच वॅटचा दोष नाही.

शंका फेडायला डब्ल्यूएसपीआर लावलं. १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले जो टेलर यांनी २००८ मध्ये हे आणलं, आणि गरीब हॅमसाठी याहून चांगली प्रयोगशाळा नाही. दोन मिनिटांचं एकेक क्षीण प्रक्षेपण करायचं, जगभरातली स्वयंचलित केंद्रं ते पकडून आपापला आकडा नोंदवतात, आणि तुम्ही घरी बसून नकाशा बघायचा. वीस मीटर बँडवर एकाच सकाळी काळा डबा आणि साध्या वायरचा डायपोल आलटून पालटून लावले. वायरला ऑस्ट्रेलिया, जपान, युरोपातली केंद्रं सापडली. डब्याला मधूनच बंगळूरकडचं एखादं. मग डब्याच्या तोंडाशी कोॲक्सचे काही वेढे फेराइटच्या कड्यातून घेतले, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारा चोक केला, तर तेही गेलं. केबल दहा मीटर ठेवून उंच का टांगायची, ते आता कळलं. जो काही थोडा सिग्नल बाहेर पडत होता, तो डब्यातून किंवा काठीतून पडत नव्हता. कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीतून पडत होता. ६,८०० रुपये डब्याचे, आणि काम माझीच केबल करत होती!

आणखी एक खूण हाताला लागली होती. लागोपाठ प्रक्षेपण झाल्यावर डबा कोमट व्हायचा. पाच वॅटला चांगल्या मॅचिंग ट्रान्सफॉर्मरचं कडं एवढं तापत नाही.

मग काठीच काढली. नुसता डबा रिगला जोडून एसडब्ल्यूआर बघितला, १.१. काठी असतानाही १.१. अँटेना नसलेली अँटेना सगळ्या बँडांवर तितकीच उत्तम. मल्टिमीटरचं एक टोक बीएनसीच्या मधल्या पिनला, दुसरं बाहेरच्या कवचाला लावलं, आकडा ४९.८ ओम. नॅनोव्हीएनएवर, म्हणजे अँटेना मोजायच्या छोट्या यंत्रावर, एक ते तीस मेगाहर्ट्झची रेघ इस्त्री केल्यासारखी सरळ. वॉरंटीचा मोह सुटल्यावर डबा गरम करून, छिन्नीने इपॉक्सी फोडली. आत एक किलोओमचे वीस रेझिस्टर, समांतर जोडलेले. हजार भागिले वीस, पन्नास ओम, रिगला अँटेनाकडून हवा असतो तेवढाच. शाळेतला हिशेब. कुठलाही हॅम हाच जोड डमी लोड म्हणून करतो, रिगची चाचणी घेताना सिग्नल हवेत जाऊ नये म्हणून. पन्नास-साठ रुपयांचा माल.

जाहिरातीतला एसडब्ल्यूआरचा आकडा खरा होता, हे लक्षात घ्या. एसडब्ल्यूआर मीटर एवढंच सांगतो की पाठवलेली शक्ती परत आली का. ती हवेत गेली की रेझिस्टरमध्ये जळून उष्णता झाली, हे त्याला कळत नाही. आपण परीक्षेच्या अभ्यासापासून 'एसडब्ल्यूआर कमी म्हणजे अँटेना चांगली' असं घोकतो, आणि ही फसवणूक बरोबर त्या घोकंपट्टीवर बेतलेली आहे. सव्वा मीटरच्या काठीचा प्रक्षेपण-रोध (शक्ती लहरी बनून बाहेर पडते, त्या वाटेचा रोध) चाळीस मीटर बँडवर साधारण एक तृतीयांश ओम येतो. तिच्याशेजारी पन्नास ओमचा रेझिस्टर समांतर बसवला, आणि काठीची स्वतःची कपॅसिटिव्ह अडचण हजार-दोन हजार ओमची, तर पाच वॅटमधले काठीच्या वाट्याला शंभर मायक्रोवॅटही येत नाहीत. बाकी सगळं डब्याला शेक.

लहान अँटेना म्हणजे फसवणूकच, असं मी म्हणत नाही. चुंबकीय लूप (तारेचं किंवा नळीचं कडं) अगदी छोटी असते आणि प्रामाणिकपणे चालते. पण तिची बँडविड्थ अतिशय अरुंद असते, थोडी वारंवारता बदलली की पुन्हा कपॅसिटर फिरवावा लागतो. एल. जे. चू यांनी १९४८ मध्येच याचं गणित मांडलं: अँटेना लहान, बँड रुंद आणि तोटा कमी, या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. रेझिस्टर घालून बनवलेल्या खऱ्या अँटेनाही असतात, टी-टू-एफडी त्यातलीच. पण ती वीस-पंचवीस मीटर लांब असते आणि बनवणारा रेझिस्टर लपवत नाही.

गटात हे सगळं फोटोंसह टाकलं. पहिला प्रतिसाद आला, "माझा तर मस्त चालतो." दुसरा, "कुणाच्या पोटावर पाय देऊ नका." थोड्या वेळात ॲडमिनने पोस्ट काढली. मग वैयक्तिक संदेश सुरू झाले, आम्हीपण घेतलाय, पण कुठे बोलू नका. लायसन्ससाठी अभ्यास केलेल्या माणसाला रेझिस्टर विकला गेला हे उघड बोलायला लाज वाटते, आणि त्या लाजेवर पुढचे डबे खपतात. मला मात्र लाज कसली? सीलबंद डब्यात काय आहे हे पैसे देण्याआधी कुणालाच दिसत नाही.

ज्या वायरने डब्याला हरवलं तिचा खर्चही सांगतो, म्हणजे तुलना होईल. हार्डवेअरच्या दुकानातली घरगुती वायरिंगची पातळ वायर, मध्ये जोडायला विजेच्या कामाचा प्लास्टिकचा कनेक्टर, टोकांना पीव्हीसी पाइपचे भोक पाडलेले तुकडे. वीस मीटर बँडसाठी १४२.६ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागा, १४.१ ला दहा मीटर आणि वर थोडं येतं, निम्मं निम्मं दोन्ही बाजूंना. वायरवर प्लास्टिकचं आवरण असेल तर तार दोन-चार टक्के कमी लागते, म्हणून आधी लांब कापा आणि टोकं मागे दुमडत जा, कापून टाकू नका. मधला भाग उंच करायला मासे पकडायची घडीची काठी उत्तम, फक्त फायबरग्लासची घ्या, कार्बनची विजेला वाहू देते आणि सगळं बिघडवते. झाड असेल तर अर्धी भरलेली पाण्याची बाटली नायलॉनच्या सुतळीला बांधून फांदीवरून टाका, जवळपास विजेची तार नाही ना हे आधी डोळे वर करून बघून. गडाच्या बांधकामाला काही बांधू नका, खिळे तर अजिबात नाहीत.

एका टोकाने जोडायची अर्ध-तरंग तार हवी असेल तर ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर लागतो, ४३ नंबरच्या फेराइट कड्यावर दोन आणि चौदा वेढे. तो बाजारात तयार मिळतो आणि चांगलाही मिळतो. त्याची मल्टिमीटरवरची खूण लक्षात ठेवा, पिन ते कवच जवळपास शून्य ओम. साध्या डायपोलला तिथे काहीच जोड दिसत नाही. पन्नास दिसले तर डबा तसाच परत पाठवा.

परत पाठवण्याचं मात्र सोपं नाही. पैसे यूपीआयने, स्वतः पिन टाकून दिलेले, बँक ते सहजी परत आणून देत नाही. पक्कं बिल मागितलं तेव्हा त्याने "घरगुती उद्योग आहे सर" म्हणून टाळलं होतं. माझ्याकडे जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, कुरिअरची पावती आणि फोडलेल्या डब्याचे फोटो आहेत. एवढ्यावर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवता आली. पैसे घेऊन वस्तूच पाठवली नाही, फोन बंद केला, अशी गोष्ट असेल तर वेळ न घालवता १९३० वर कळवायचं असतं, ती सायबर आर्थिक फसवणुकीची लाइन. माझ्या तक्रारीवर विकणाऱ्याचं म्हणणं आलंय: 'एसडब्ल्यूआर १.२ च्या आत असल्याचं ग्राहकानेच मान्य केलं आहे.'

त्याने आता सुधारित डबा काढलाय म्हणे, आणि त्यावर मल्टिमीटर लावला तर काहीच दिसत नाही. रेझिस्टरच्या आधी एक कपॅसिटर घातला की डीसी अडतो, आकडा येत नाही, आणि प्रक्षेपण पूर्वीसारखंच आत जळत राहतं. म्हणून मल्टिमीटरवर थांबू नका. काठी किंवा तार काढून एसडब्ल्यूआर बघा. तो जागचा हलला नाही, तर तुम्हीपण रेझिस्टर घेतलाय.